काढता येणारी तार

डॉक्टरांनी दातांचा ठसा घ्यायला गुलाबी लगद्यानं भरलेला साचा तोंडाजवळ आणला, तशी शिवकन्येनं दोन्ही हात तोंडावर घट्ट धरले.

"हात काढा ताई. हे लगेच आळतं," डॉक्टर औसेकर म्हणाले.

शिवकन्येनं नुसती मान हलवली. डॉक्टरांनी भिंतीलगतच्या बाकड्याकडे पाहिलं. तिथं तिची आई बसली होती. पोरीला दोन शब्द सांगावेत, अशी त्यांची अपेक्षा असावी. पण महानंदा पदराचं टोक ओठांवर धरून बसली होती, ती तशीच बसून राहिली.

"मला न्हाई करायचं," शिवकन्या हातांआडून म्हणाली. "माझ्या दातांना काय झालंय? दुखत न्हाईत, हलत न्हाईत."

ती खुर्चीवरून उतरली. गळ्याला बांधलेला टॉवेल सोडून तिनं खुर्चीच्या हातावर ठेवला आणि चपला पायात सरकवून ती जिना उतरून गेलीसुद्धा.

डॉक्टरांनी बोटानं लगदा दाबून पाहिला. तो रबरासारखा झाला होता.

"हे जबरदस्तीनं होणारं काम नाही," ते म्हणाले. "प्लेट काढता-घालता येते. पेशंटनंच मनावर घेतलं नाही तर ती डबीत पडून राहते. मालकांना तसं सांगा."

"सांगते," म्हणत महानंदा उठली. दारापर्यंत गेली. उंबऱ्याशी थोडी थांबली आणि परत आली.

"डॉक्टरसाहेब, मोठ्या बाईला होतंय का हे?"

"कोणाला?"

महानंदानं पदर खाली केला. पोरीसारखेच तिचेही वरचे दात पुढं आलेले होते, आणि त्यांच्यामध्ये फटी होत्या. डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवलं, दिवा ओढला, आरसा फिरवून फिरवून पाहिलं.

"फटी आहेत ते बरंच आहे. दात मागं घ्यायला जागा मिळते. हिरड्याही चांगल्या आहेत. मिश्री लावत नाही वाटतं?"

"कधीच न्हाई."

"होईल मग. पण तरुण पोरीपेक्षा जास्त वेळ लागेल. आणि दुखेल."

"दुखू द्या."

"एकदा घरी विचारून या ना."

"आमच्या घरातल्या एका तोंडाचं काम ठरलंय न्हवं?" महानंदा म्हणाली. "मग हे तोंड घ्या. कालवा दुसरा लगदा."

डॉक्टर हसले. ती हसली नव्हती. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून ते कोणालाच कळलं नसतं.

महानंदाच्या नवऱ्याचं, चन्नप्पांचं, परळीच्या मोंढ्यात स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं. घाटनांदूरचं स्थळ सांगून आलं तेव्हा त्यांना हातात सोनं आल्यासारखं झालं होतं. मुलगा वीरेश थर्मल वीजकेंद्रात कायम नोकरीला, घर आपल्याच लिंगायत समाजातलं. मुलाची आई साखराबाई पोरगी पाहून गेली आणि चार दिवसांनी मध्यस्थ बंकटरावांच्या तोंडून निरोप आला: पोरगी पसंत आहे, फक्त दात जरा पुढं आहेत, तेवढं नीट करून घ्या, मग बोलू. चन्नप्पांना यात वावगं काही वाटलं नाही. दुकानात रोज पोचे काढून भांडी सरळ होत होती. गावात दर गुरुवारी लातूरहून दातांचे डॉक्टर येतात, दातांना चिकटवलेल्या तारा नसतात, काढता येणारी प्लेट असते, हे त्यांनीच शोधून काढलं. दोघी मायलेकींना पाठवलंही त्यांनीच.

पुढच्या गुरुवारी महानंदा एकटीच गेली आणि प्लेट घालून आली. टाळूला चिकटून बसणारं पातळ, पारदर्शक प्लास्टिक आणि पुढच्या दातांवरून जाणारी एक बारीक तार. रस्त्यानं येताना तिला वाटत होतं, आपल्या तोंडात दुसऱ्याच कोणाचं तरी तोंड बसवलंय. लाळ आवरत नव्हती. दात आतून ठणकत होते.

त्या दिवशी दुपारी चन्नप्पा जेवायला बसले. "भाकरी वाढू का?" असं तिनं विचारलं आणि शब्द जड, ओले बाहेर पडले.

"तोंडात काय हाय तुझ्या?"

तिनं पदर बाजूला करून दाखवलं.

चन्नप्पांचा घास हातातच राहिला. "पोरीचं करायला पाठवलं व्हतं मी."

"पोरगी नको म्हणली."

"म्हणून तू बसलीस? या वयात? उद्या नातवंडं येतील घरात."

"येऊ द्या. त्यांनाबी दात येतीलच."

चन्नप्पांची आई वच्छलाबाई आतल्या खोलीत जपाला बसल्या होत्या. त्या भिंतीला धरत धरत बाहेर आल्या. "चार पोरी बघितल्या व्हत्या मी चन्नूसाठी," त्या म्हणाल्या. "हिला कावून निवडली? हसतमुख म्हणून. कितीबी काम सांगा, कधी तोंड वाकडं केलं न्हाई हिनं. आन् आता या वयात हे खूळ?"

"काढ ते," चन्नप्पा म्हणाले.

"डॉक्टरनं सांगितलंय, जेवताना आन् दात घासतानाच काढायचं."

"काढता येतंय न्हवं? मग काढ."

"काढता येतंय म्हणूनच न्हाई काढत." तिच्या आवाजाला धार आली होती. प्लेटमुळं ती थोडी बोथट ऐकू आली, एवढंच. "दातांना चिकटवलेली असती तर तुमी डॉक्टरला शिव्या दिल्या असत्या. ही मी ठेवलीय."

चन्नप्पा ताटावरून उठले. त्या दिवसापासून त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. डबा दुकानावर मागवू लागले. घरी असले की तिला सांगायचं ते आईकडे बघून सांगत.

शेजारच्या मंजुळाबाई मात्र आडपडदा ठेवत नसत. "लग्नाकार्यात तरी काढून ठेवत जा माय," त्या म्हणत. "काढता येते न्हवं?" वैजनाथाच्या पायऱ्यांवर अनोळखी बायाही वाकून बघत, एकमेकींना कोपरानं ढोसत. ज्याला त्याला तेवढंच ठाऊक झालं होतं, की ती तार काढता येते. महानंदा ऐकून घेई आणि गुरुवारी जिना चढून जाई. डॉक्टर पकडीनं तार थोडी आवळत. पुढचे दोन-तीन दिवस भाकरी चावता येत नसे. ती दुधात कुस्करून खाई, प्लेट धुई आणि पुन्हा बसवी. पहिल्याप्रथम तिला आरसा लागे. नंतर लागेनासा झाला.

तिला खरी बोच होती ती शिवकन्येच्या गप्प राहण्याची. पोरगी कॉलेजला जाई, घरातली कामं करी, विचारलं तेवढ्याचं उत्तर देई. महानंदाला वाटलं होतं, निदान ही आपल्या बाजूनं असेल.

उन्हाळा तापला तशा दोघी गच्चीवर कुरडया घालायला बसल्या. थर्मलच्या चिमण्यांमधली राख वाऱ्यानं येई म्हणून कुरडयांवर चन्नप्पांचं जुनं धोतर पसरावं लागे. धोतराची दोन टोकं आईच्या हातात, दोन लेकीच्या. तशीच ती धरून शिवकन्या म्हणाली,

"आई, माझे दात तुझ्यावर गेलेत."

"व्हय."

"लहानपणी समदे म्हणायचे, आईचं तोंड घेऊन आलीय. मला बरं वाटायचं. ती घाटनांदूरची बाई दातांवरून बोलली, तव्हा मला माझ्यासाठी राग न्हाई आला. तुझ्यासाठी आला. म्हणून मी त्या खुर्चीवरनं उठले." तिनं धोतर खाली सोडलं. "आन् माझ्या पाठीमागं तू त्याच खुर्चीत जाऊन बसलीस. म्हंजी ती बाई बोलली ते खरंच की."

महानंदानं धोतराच्या कडांवर एकेक दगड ठेवला, सगळ्या बाजूंनी ठेवला. मग भिंतीच्या सावलीला टेकली.

"मी चांगलं दिसावं म्हणून न्हाई बसले."

"मग कावून बसलीस?"

"तोंड मिटावं म्हणून."

शिवकन्येनं तिच्या ओठांकडे पाहिलं.

"माझे ओठ एकमेकांना लागत न्हाईत. तुझे लागतात, थोडं ओढलं की. माझे कधीच लागले न्हाईत. झोपेतबी न्हाई." महानंदा थांबली. तोंडात जमलेली लाळ गिळली. "माझा बाप गेला तव्हा मी तुझ्यापेक्षा लई लहान व्हते. त्याला आपल्या रीतीप्रमाणं बसवून सजवला व्हता, हार घातले व्हते, भजन चालू व्हतं. मी त्याच्यापाशी बसले व्हते. रडून रडून डोळे कोरडे झाल्ते. तर एक बाई दुसरीला म्हणाली, ही पोरगी बघा, बापापाशी बसून हसायलीय. माझ्या मावशीनं पदर माझ्या तोंडात कोंबला. तव्हापासून धरला हा पदर."

खाली गल्लीत कुल्फीवाल्याची घंटा वाजत गेली.

"लग्न ठरलं तव्हा मला मॅट्रिकला बसायचं व्हतं. समदे विचारत व्हते, पसंत हाय का गं? मी नुसती बसले. बोलायचं धाडस न्हाई झालं. समदे म्हणले, पोरगी खूश हाय, बघा कशी हसायली. तुझ्या आज्जीनंबी तेच बघितलं." तिनं पदरानं हनुवटी पुसली. "मला माझं तोंड पायजे. मी हसले तरच हसावं, असं तोंड."

शिवकन्येनं नखानं गच्चीचं सिमेंट खरडलं.

"मग माझे दात?"

"तुझे तुझ्यापाशी. तुला आवडतात न्हवं? कोणी वाईट म्हणलं तर सांग त्याला, माझ्या आईकडून घेतलेत."

शिवकन्या उठली आणि आईजवळ सावलीत येऊन बसली. तिच्याही डोक्याला ऊन लागत होतंच.

घाटनांदूरची मंडळी पंधरवड्यानं आली. 'दातांचं काम चालू आहे' असं चन्नप्पांनी बंकटरावांना आधीच सांगून टाकलं होतं. ते खोटं होतं असंही नाही. मंडळी यायच्या अगोदर ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा थेट महानंदाशी बोलले.

"आज तरी काढ. घटकाभर. पाया पडू का?"

"पाया पडू नका," महानंदा म्हणाली आणि पोह्यांवर कोथिंबीर पेरत राहिली.

साखराबाई सतरंजीवर ऐसपैस बसल्या. शेजारी बंकटराव. मुलगा ड्यूटीवर होता. पोहे झाले, उन्हाळ्याच्या गोष्टी झाल्या. मग साखराबाईंनी शिवकन्येला समोर बसवून घेतलं.

"दाखव बघू. कुठवर आलंय काम?"

शिवकन्येनं मान वर केली आणि त्यांच्याकडे बघून मोकळेपणानं हसली. सगळे दात दिसले. होते तसेच होते.

"अजून काय फरक दिसंना," साखराबाई चन्नप्पांकडे वळल्या.

"वेळ लागतो त्याला," चन्नप्पा म्हणाले. "आता कुठं सुरुवात—"

"काम चालू हाय, शाखराबाई," महानंदा दारातून म्हणाली. प्लेटमुळं त्यांच्या नावाचा 'सा' तिला नीट जमला नाही. "पण माझं."

तिनं पदर खाली केला. तार खिडकीतल्या उजेडात चमकली. बंकटरावांनी चहाचा कप उचलला, पाहिलं तर तो रिकामा होता. तरी त्यांनी तोंडाला लावला.

"म्हंजी पोरीचं केलंच न्हाई?"

"पोरीला तिचे दात आवडतात. मला माझे आवडत न्हाईत. आमच्या घरात दोघींच्याबी मनासारखं झालं."

साखराबाई हात टेकून उठल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "घरी बोलावून चेष्टा करता व्हय आमची? आन् वर माझ्या तोंडावर हसायलीस?"

"मी हसत न्हाई," महानंदा म्हणाली.

तिनं सांगितलं ते खरं होतं. पण साखराबाईंना ते पटलं नाही. बंकटरावांनाही पटलं नाही, आणि त्यांच्या मागोमाग माफी मागत गल्लीपर्यंत गेलेल्या चन्नप्पांनाही नाही. परत आल्यावर ते दारात उभं राहून एवढंच म्हणाले, "हसायची येळ व्हती का ती?" मग टोपी घालून दुकानावर गेले. शिवकन्येनं पोह्यांच्या बशा गोळा केल्या. वच्छलाबाई कोणाला उद्देशून नाही अशा बेतानं म्हणाल्या, "ती बाई मला पयल्यापासून आगाऊच वाटली व्हती." आणि पुन्हा जपाला गेल्या.

पावसाळा आला आणि गेला. एवढ्या दिवसांत राग धरून ठेवणं चन्नप्पांना जमलं नाही. दसऱ्याच्या सुमारास ते घरी जेवू लागले, मीठ-चटणी मागू लागले, दुकानातल्या गोष्टी सांगू लागले. तारेचा विषय मात्र काढत नसत. महानंदाचे गुरुवार चालूच होते. दातांमधल्या फटी बुजत आल्या होत्या. शिवकन्या शेवटच्या वर्षाला होती, पुढं बी.एड. करायचं म्हणत होती.

दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी महानंदा दवाखान्यातून परतत होती. राखेनं भरलेला एक ट्रक शेजारून गेला. ताडपत्री नीट बांधलेली नव्हती. करड्या धुळीचा लोट रस्त्यावर पसरला, तसं सगळ्यांनी केलं तेच तिनंही केलं, डोळे मिटले, तोंड मिटलं. धूळ खाली बसल्यावर ती चालू लागली. चार पावलं गेली आणि तिच्या लक्षात आलं, दातांत राख कचकचत नाही.

ती रस्त्याच्या कडेला, चपलांच्या दुकानासमोर थांबली. ओठ उघडले. पुन्हा मिटले. ते एकमेकांना लागले आणि तसेच राहिले, ओढावे लागले नाहीत. पिशवी एका हातात होती, दुसरा हात मोकळा होता. पदर खांद्यावर होता.

घरापर्यंत ती तशीच आली. बोलून तो आनंद उसवावा असं तिला वाटत नव्हतं.

चन्नप्पा ओट्यावर वाट बघत होते. "ये, ये. तुझीच वाट बघत व्हतो," ते म्हणाले. "उदगीरचं स्थळ आलंय. किराण्याचा होलसेल धंदा हाय, पोरगा एकुलता. फोटो बघितला त्यांनी, दाताबिताचं काय बोलले न्हाईत. फकस्त लगीन याच वर्षी पायजे म्हणतात. मंग कॉलेज सोडावं लागंल पोरीला. तेवढं काय, शिकून तरी काय करायचंय? रविवारी येतो म्हणतात. मी हो म्हणून फोन करायलो. चालतंय न्हवं तुला?"

महानंदा ऐकत होती आणि ऐकत नव्हती. खालच्या ओठावर वरचा ओठ कसा टेकतो, त्याचं वजन किती, याच्यातच तिचा जीव गुंतला होता. ती नवऱ्याकडे बघत उभी राहिली.

चन्नप्पा बोलता बोलता थांबले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग नीट पाहिलं.

"राग आलाय का?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नव्हता. महानंदाचे ओठ मिटलेलेच राहिले.

"मी आपलं विचारलं," चन्नप्पा म्हणाले. त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "हो म्हणलो न्हाई अजून. म्हणलं, तुला विचारावं." अजूनही ती काही बोलत नाही असं पाहून ते ओट्यावरून उतरले. "बरं. ऱ्हाऊ दे मग. येवढं मनाला लावून घेऊ नको."

गल्लीपलीकडे एसटीडीचं बूथ होतं. चन्नप्पा फोनवर नेहमीच ओरडून बोलत. काचेआडूनही त्यांचा आवाज घरापर्यंत आला. "न्हाई, न्हाई... रविवारी नका येऊ... पोरगी शिकायली अजून... न्हाई हो, घरातनं नको म्हणतात."

महानंदा स्वयंपाकघरात आली. शिवकन्या चुलीपाशी नव्हे, खिडकीपाशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"आई, खरंच राग आलता तुला?"

महानंदानं नळाखाली हात धरला, प्लेट काढून धुतली, पाणी झटकलं. कॉलेज सोडावं लागेल, शिकून काय करायचंय, हे शब्द आता कुठं एकेक करून तिच्यापर्यंत पोचत होते.

"तव्हा न्हाई आलता," ती म्हणाली. प्लेट तिनं पुन्हा टाळूला बसवली, अंगठ्यानं दाबली. "आता यायलाय."